अपग्रेडचं आवतण

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी बाई आपटा गावी गेल्या आणि एका ब्लॉकचेन नेटवर्कच्या अपग्रेडचं आवतण त्यांनी घरी जाऊन, अक्षता देऊन केलं. सोबत छापील पत्रिका होती, नारळ होता आणि बैठकांची टिपणं लिहायला नेमलेला मी होतो. असं आवतण त्याआधी कुठे झाल्याची नोंद मला सापडलेली नाही.

बाई त्या नेटवर्कच्या समन्वयक होत्या. जगभरचे इंजिनिअर त्यांना बाईच म्हणत. तेच त्यांचं नाव आहे अशी बहुतेकांची समजूत होती. उरणच्या बाजूच्या मिठागरवाल्या घरात जन्म, बेलापूरला एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासण्यात उमेदीची वर्षं, आणि मग करंजाड्यात, जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवरच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर फ्लॅट. नेटवर्कचं पनवेलचं ऑफिस म्हणजे त्या फ्लॅटचा हॉल. व्हिडिओ कॉलमध्ये त्यांच्या मागे देव्हारा, फ्रिज आणि फ्रिजवरचा मीठ भरलेला काचेचा जार दिसे.

काम काय होतं ते सांगायला हवं. हे नेटवर्क कोणाच्या मालकीचं नाही. वेगवेगळ्या देशांत लोकांनी घरी, दुकानात, गोदामात मशिनं ठेवली आहेत. सगळी मशिनं मिळून व्यवहारांच्या एकसारख्या नोंदी ठेवतात आणि एकच नियम पाळतात. नोंदींचे गठ्ठे एकामागून एक बांधले जातात, त्यांना ब्लॉक म्हणतात. नियम बदलायचा झाला तर अमुक नंबरच्या ब्लॉकपासून नवा नियम लागू, असं आधी जाहीर होतं आणि तोवर प्रत्येकाने आपल्या मशिनवर स्वतःहून नवं सॉफ्टवेअर टाकायचं असतं. मागे राहिलेलं मशिन बाजूला पडतं. प्रत्येक मशिनच्या मताला वजन असतं, आणि दोन तृतीयांशांहून जास्त वजनाची मतं जमली तरच ब्लॉक पक्का होतो. मोठ्या वजनाचे लोक मागे राहिले की सगळ्यांचंच खोळंबतं. हुकूम कोणालाही देता येत नाही. सगळ्यांना विचारत राहणं, हे बाईंचं काम.

त्या हे मिठागराच्या भाषेत सांगत. "उधाणाच्या आधी बांध नीट करायचा असतो. प्रत्येकाचा तुकडा ठरलेला. माझे बाबा कोणाला कर म्हणून सांगायचे नाहीत. नुसते जाऊन त्याच्या तुकड्यावर उभे राहायचे, विडी ओढत. माणूस लाजून फावडं उचलायचा."

विचारण्याची ही सवय कामापुरती राहिली नव्हती. स्टेशनबाहेर त्या रिक्षावाल्याला म्हणत, "करंजाड्याला यायला आपली काही हरकत?" एकाने इंजिन बंद केलं, मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हरकत काय नाय, पण तुमी बसताय का मी जाऊ?" हॉटेलात त्या पदार्थ मागवत नसत, प्रस्ताव मांडत. "दोन मिसळींचा विचार होता." वेटर विचार पुरा होण्याची वाट पाहत उभा राही. मग माझ्याकडे बघे. मी मान डोलावली की मिसळ येई.

मतदान त्यांना मंजूर नव्हतं. "हात वर करून मोजले की हरलेला माणूस घरी जातो आणि जुनंच सॉफ्टवेअर चालवतो. मुळात कोणी हरलेलाच नको." म्हणून बैठकीत त्या प्रस्ताव वाचून दाखवत, "हरकत कोणाची?" विचारत आणि गप्प होत. गप्प झाल्या की ताटात वालाच्या शेंगा घेऊन सोलायला बसत. कॅमेरा चालू, माइक चालू. दाणे वाटीत पडल्याचा टप-टप आवाज सगळ्या खंडांत ऐकू जाई. व्हिएतनामच्या एका मुलीने मला सांगितलं की पहिल्या बैठकीत तिला तो आवाज म्हणजे सहमती मोजण्याचं एखादं यंत्र वाटलं होतं. त्या शांततेपुढे फार वेळ कोणी टिकत नसे. कोणीतरी घसा खाकरून म्हणेच, "माझी एक छोटी हरकत आहे." बाई शेंगा बाजूला सारत. "आली का! सांग, भाऊ, सांग." घरी पाहुणा आल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर असे.

बिल्डिंगच्या सोसायटीच्याही त्या काही काळ सेक्रेटरी होत्या. बिल्डिंगला रंग लावायचं ठरलं. पहिल्या सभेत पिस्त्याला हरकत आली, दुसरीत बदामीला, तिसरीत रंगाच्या डब्याला. बाईंनी प्रत्येक हरकत टिपली आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन चहा घेतला. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशन मास्तर जिन्यात भेटले की म्हणत, "बाई, बिल्डिंग राहू दे, माझे केस तेवढे रंगवून घेतो, तुमची परवानगी असेल तर." बाई गंभीरपणे म्हणत, "परवानगी कसली? कोणाची हरकत नसेल तर झालं." माझी नोकरी संपली तेव्हा बिल्डिंगची पुढची बाजू पिस्ता, मागची बदामी आणि जिना सिमेंटचा होता. भांडण मात्र एकही झालं नव्हतं. स्टेशन मास्तरांचे केस काळे होते.

अपग्रेडना नावं द्यायची पद्धत असते. इतर नेटवर्कांत शहरांची, ताऱ्यांची नावं देतात. बाईंनी कर्नाळ्याच्या पक्ष्यांची सुचवली, आणि नावं उच्चारता येत नाहीत ही हरकत मांडायचं धाडस कोणी केलं नाही. आधी हळद्या झाला, मग तांबट. गेल्या वर्षीचा होता नाचण. पोलंडचा एक इंजिनिअर ते नाव रोज आरशासमोर म्हणत असे, असं त्याच्या बायकोने कॉलमध्ये डोकावून सांगितलं. त्याने इन्कार केला नाही.

हाच इंजिनिअर बाईंच्या विरुद्ध होता. प्रेमळ, नेटका, घाईचा माणूस. त्याने रीतसर प्रस्ताव दाखल केला होता: नाचण वेळेवर लागू झाला नाही, तर यापुढे पाच जणांच्या हाती सक्तीची चावी द्यावी. चावी फिरवली की सगळ्या मशिनांवर नवं सॉफ्टवेअर आपोआप चढेल, कोणाला विचारायला नको. बऱ्याच जणांना ते पटत होतं. बाईंनी प्रस्ताव नेहमीच्या आवाजात वाचून दाखवला. त्या दिवशी त्यांनी सोललेल्या वालात सालं निघाली. नाचण अडला तर बाईंची सारी पद्धतच मोडीत निघणार, हे हॉलमध्ये आणि हॉलबाहेर सगळ्यांना ठाऊक होतं.

फेब्रुवारी उजाडला. कोणी नवं सॉफ्टवेअर टाकलं हे स्क्रीनवरच्या नकाशावर दिसतं. टाकलेला ठिपका हिरवा होतो. ब्राझील हिरवं झालं, केनिया झालं, पोलंड तर पहिल्याच दिवशी. शेवटी किरकोळ ठिपके सोडता एकच मोठा लाल ठिपका उरला. तो आपट्याचा होता.

आपट्याचे मामा बाईंचे सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरचे, गावनात्याने भाऊ. जमीन विकल्यावर आजूबाजूच्यांनी गाड्या घेतल्या, मामांनी मुलाच्या सांगण्यावरून मशिनं घेतली. मुलगा पुढे दुबईला गेला आणि मशिनं सूनबाईंकडे आली. मामा शब्दाचे पक्के, म्हणून आधी गावातल्यांनी आणि मग कुठल्या कुठल्या देशांतल्यांनी आपल्या मतांचं वजन त्यांच्या मशिनांकडे सोपवलं. ते वजन आणि ते किरकोळ लाल ठिपके मिळून एक तृतीयांशाच्या वर जात होते.

बाईंनी सूनबाईंना फोन लावला. स्पीकर चालू होता.

"टाकलंस का गं नवीन?"

"ताई, कधीच उतरवून ठेवलंय. एक बटण दाबायचं राहिलंय. पप्पा नको म्हणतात."

बाईंचा चेहरा उजळला. "हरकत काय आहे त्यांची?"

"हरकत नाहीये. रुसलेत."

बाईंचा चेहरा पडला. हरकतीला उत्तर देता येतं. रुसव्यासाठी नेटवर्कच्या कार्यपद्धतीत तरतूद नव्हती.

"कशावरून?"

"तुम्ही पोलंडला व्हिडिओ कॉल केलात, व्हिएतनामला केलात. आमच्याकडे ईमेल आली. तीही सगळ्यांना गेलेली."

"अगं, ते घरचे ना!"

"तेच चुकलं, ताई."

मागून मामांचा आवाज आला. "तिला सांग, आमी रिकामे नाय! आमाला कोनी बोलवला नाय, आमी जानार नाय!"

लग्नघरात ही चूक नेहमी होते. लांबच्या पाहुण्यांना पुन्हा पुन्हा फोन जातात आणि जवळचा मामा, घरचाच म्हणून, आवतणावाचून राहतो. सॉफ्टवेअरच्या अपग्रेडमध्ये ती बहुधा प्रथमच झाली.

तातडीची बैठक झाली. पोलंडच्या इंजिनिअरने तीन पर्याय मांडले: मुहूर्त पुढे ढकला, त्या माणसाला वगळा, किंवा आजच चावी मंजूर करा.

"तिन्हीला हरकत," बाई म्हणाल्या. "माझी."

"मग त्या माणसाला हवंय तरी काय?"

"अक्षता."

तो काहीतरी टाइप करून शोधत राहिला. "हे कुठल्या नेटवर्कवर चालतं?"

"तांदूळ असतात, भाऊ. हळदकुंकू लावलेले."

"तुम्ही कुरियरने पाठवू शकता का?"

व्हिएतनामच्या मुलीने परस्पर उत्तर दिलं, "नाही. आमच्याकडेही चालत नाही." ती आपल्या काकांच्या लग्नातल्या अशाच एका रुसव्याची हकीकत सांगू लागली, मग केनियाच्या माणसाने आपली सांगितली, ब्राझीलच्या बाईंना आत्याची आठवण झाली. बैठकीचा नियोजित वेळ त्यात संपला. टिपणात मी "विषयावर सविस्तर चर्चा" असं लिहिलं.

आवतण म्हणजे पत्रिका आली. पनवेलच्या बाजारातल्या छापखान्याचे मालक चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"नवरीचं नाव?"

"नवरी नाही."

"बरं, नवरा?"

"तोही नाही."

"मुंज आहे का? वास्तुशांत?"

"अपग्रेड आहे."

"असू दे. स्थळ?"

"सगळीकडे."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मुहूर्त?"

बाईंनी ब्लॉकचा नंबर सांगितला. मालकांनी तो लिहून घेतला आणि वाचून दाखवला. "हा मोबाईल नंबर झाला. एक आकडा कमी पडतोय."

छापून आली ती पत्रिका अशी: आमचे येथे श्रीकृपेकरून नाचण अपग्रेड करण्याचे योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे. मुहूर्ताच्या जागी ब्लॉकचा नंबर, खाली "अंदाजे दुपार". सगळ्यात खाली, आधीच्या कुठल्यातरी मजकुरातली एक ओळ काढायची राहून गेली होती: "आमच्या पिंकीमावशीच्या लग्नाला यायचं हं!" पुन्हा छापायला वेळ नव्हता. बाईंच्या आईने पहिली पत्रिका देवापुढे ठेवली आणि पिंकी कोणाची म्हणून विचारलं.

आपट्याला मामा ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. आम्ही अंगणात आलो तसा त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. पेपर आदल्या दिवशीचा होता. मामी पाणी घेऊन आल्या. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात, पदर तोंडाशी धरून उभ्या.

"मामा," बाई म्हणाल्या.

"कोन? पोलंड आला काय?" पेपराआडून आवाज आला.

"मामा, चुकलं माझं."

"चुकला कुटं! तुमचा जग मोठा हाय. आमी कोन? नदीकाठचे. मीटिंगमदी बोलतेस ना, सगल्यांना विचारते म्हनून? मंग मना कवा विचारलास?"

बाईंनी पत्रिका पुढे केली, तीवर अक्षता ठेवल्या. मामांनी पेपर खाली घेतला, पण हात पुढे केला नाही.

"बोल."

"मामा, शुक्रवारी नाचण आहे. तर तुमची यायला काही हरकत..."

"हां!" मामांनी झोपाळा थांबवला. "बगा हिला! मामाला आवतन करतेय का बँकेत खाता खोलतेय? असा कोनी बोलावतंय? जरा जीव लावून सांग की. आमी नाय नाय बोलनार, तू हात धरून ओढनार. रीत हाय ती."

बाईंचे हात सवयीने ताट शोधू लागले. शेंगा जवळ नव्हत्या. आग्रह त्यांनी आयुष्यात कोणाला केला नव्हता; जेवायला बसलेल्याच्या पानात चपाती वाढतानाही त्या हरकत विचारत.

"मामा, आपल्याला जर शक्य..."

"नाय जमनार."

"म्हणजे असा एक विचार..."

"नाय बोललो ना!"

मामी फणकारल्या. "अगो, ओढ की त्याला! सकालपासून नवा सदरा घालून बसलाय!"

सूनबाईंचं हसू पदरात मावेना, त्या आत पळाल्या. बाईंनी पिशवी खाली ठेवली, पुढे झाल्या आणि मामांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "मामा, यायचं म्हणजे यायचंच! तुम्ही नसाल तर मला नको तो नाचण. चला. उठा!" आवाज इतका चढला की शेजारच्या अंगणातली कोंबडी उडाली. मामांनी दोनदा नाही म्हटलं, बाईंनी दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा झोपाळ्यासकट मामा पुढे आले.

"बरा, बरा. येतो. हात तुटंल." त्यांनी अक्षता कपाळाला लावून खिशात टाकल्या, पत्रिका वाचली आणि विचारलं, "पिंकी कोनाची?"

सूनबाईंनी बटण दाबलं. करंजाड्यात परतेपर्यंत ठिपका हिरवा झालेला होता.

शुक्रवारी दुपारी मुहूर्त आपट्याहून पाहायचा, असं मामांच्या आग्रहाने ठरलं. मशिनं घरामागच्या खोलीत होती. उकाडा होता, म्हणून मतांवर सही करणाऱ्या मुख्य मशिनचं झाकण काढून त्याच्यासमोर मोठा पंखा लावला होता. मामींनी दारात रांगोळी काढली होती. स्क्रीनवर सगळे देश जमले होते. आदल्या दिवशी पत्रिकेचा फोटो सर्वांना गेल्यामुळे केनियाचा माणूस कोट घालून बसला होता आणि ब्राझीलच्या बाईंनी केसात फूल माळलं होतं. ब्लॉकचे आकडे पुढे सरकत होते. शेवटचे काही उरले तसं सगळे एका सुरात मोजू लागले. पोलंडचा इंजिनिअरही मोजत होता.

ठरलेला ब्लॉक आला. बाई म्हणाल्या, "नाचण!"

मामांनी खिशातून मूठ काढली आणि अक्षता उधळल्या.

त्या पंख्यासमोर गेल्या. पंख्याने त्या उचलून मशिनच्या उघड्या पोटात फेकल्या. आतून कडकड आवाज आला, मशिनचे बारीक पंखे अडकले, आतली उष्णता वाढली आणि मशिन स्वतःहून बंद पडलं. स्क्रीनवर आपट्याचा ठिपका राखाडी झाला. ब्लॉक बांधले जात होते, पण दोन तृतीयांश मतं भरेनात. एकही पक्का होईना.

कॉलवर सगळ्यांचे चेहरे स्क्रीनच्या जवळ आले.

"मशिन उपडं करायला कोणाची हरकत..." बाईंनी सुरुवात केली.

"ताई, तुम्ही गप बसा!" सूनबाईंनी वायर ओढली, मशिन उचललं, रांगोळीवर उपडं केलं आणि पाठीवर थापा मारल्या. तांदूळ पडले. मामींनी केसातला आकडा काढून दिला, त्याने पंख्यातले दाणे उकरले. मामा गुडघ्यांवर बसून दाणे वेचत होते आणि पुटपुटत होते, "मना कोनी बोलायला पायजे होता ना, आत टाकू नको म्हनून." बाई त्यांच्या शेजारी बसून वेचू लागल्या. व्हिएतनामची मुलगी आधी हसली. मग कोण हसत नव्हतं ते सांगणं कठीण आहे.

मशिन पुन्हा सुरू झालं. आपटा हिरवा झाला, मतं भरली आणि नव्या नियमांचा पहिला ब्लॉक पक्का झाला. पुढचे त्याच्या मागोमाग झाले.

सोमवारच्या बैठकीत पोलंडच्या इंजिनिअरने सक्तीच्या चावीचा प्रस्ताव मागे घेतला. कारण विचारल्यावर त्याने सांगितलं की चावी पाच जणांकडे असती तरी मशिनमधले तांदूळ काढायला कोणीतरी आपट्यातच लागलं असतं. मग त्याने घसा खाकरला आणि म्हणाला की पुढच्या अपग्रेडच्या वेळी नुसत्या ईमेलवर आपण नवं सॉफ्टवेअर टाकणार नाही.

पुढचा अपग्रेड यंदा मे महिन्यात होता. मी तोवर ती नोकरी सोडून वर्तमानपत्रातल्या माझ्या जुन्या कामावर परतलो होतो. पुढची माहिती सूनबाईंनी फोनवर दिली आणि मी ती नेटवर्कच्या नकाशावर ताडून पाहिली. बाई आणि मामा एप्रिलच्या अखेरीस विमानाने पोलंडला गेले. इंजिनिअरने दार उघडलं आणि आधी तीन वेळा नाही म्हटलं. मामांनी त्याचं मनगट धरलं. पोलंडचा ठिपका त्याच संध्याकाळी हिरवा झाला.